सर विल्यम नॉरिस: लिव्हरपूलचा खासदार, पन्हाळ्याच्या छावणीतला वकील

प्रश्न असा आहे: १७०१ साली औरंगजेब पन्हाळ्याला वेढा घालून बसला असताना इंग्लंडच्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून सर विल्यम नॉरिस नावाचा माणूस छावणीत आला. त्याच्याबद्दल आपल्याकडे सहसा एखाद-दोन ओळीच वाचायला मिळतात, त्याही हट्टी होता आणि रिकाम्या हातानं परतला अशा. हा मुळात कोण होता, त्याचं काम का फसलं, आणि दुसऱ्या फळीतल्या अशा राजकारण्याचं चरित्र तपासून लिहायचं तर कुठे चुका होतात?

नॉरिसचा हट्ट खरा आहे, पण त्यावरून त्याच्या अपयशाचा उलगडा होत नाही. त्याला पाठवलं ते लंडनच्या पार्लमेंटातल्या एका पक्षीय विजयाच्या जोरावर, आणि तो विजय नॉरिस पूर्व किनाऱ्यावरच्या मछलीपट्टणला असतानाच निम्मा निसटला होता. त्यामुळे पन्हाळ्याची गोष्ट पन्हाळ्यापासून सुरू केली की चुकते. सुरुवात लिव्हरपूलपासून करायला हवी.

नॉरिस घराणं स्पीकचं. लिव्हरपूलच्या आग्नेयेला मर्सी नदीच्या काठावर स्पीक हॉल हा लाकडी सांगाड्याचा ट्यूडर काळातला वाडा आजही उभा आहे, तो त्यांचा. वडील थॉमस नॉरिस, आई कॅथरिन ही लंडनचे मेयर राहिलेल्या सर हेन्री गारवे यांची मुलगी. म्हणजे बापाकडून लँकेशायरची जमीन आणि आईकडून लंडनचा व्यापार. विल्यमचा जन्म १६५८ च्या सुमाराचा. शिक्षण वेस्टमिन्स्टर शाळेत आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. तो थोरला मुलगा नव्हता, आणि इंग्लंडच्या जमीनदार घराण्यात ही बाब फार मोठी: वाडा आणि जमीन थोरल्याकडे जाते, धाकट्यांनी धर्मखातं, वकिली, वैद्यकी, व्यापार किंवा सरकारी नेमणूक शोधायची. या भावंडांनी ते सगळं केलं. थोरला थॉमस १६८९ ते १६९५ लिव्हरपूलचा खासदार, विल्यम त्याच्यामागून त्याच जागेवर, एडवर्ड वैद्य, रिचर्ड लिव्हरपूलचा व्यापारी, तिथला मेयर आणि पुढे खासदार. हा रिचर्ड गुलामांच्या व्यापारात होता. १७०० मध्ये लिव्हरपूलहून आफ्रिकेकडे गेलेल्या 'ब्लेसिंग' जहाजाच्या मालकांत त्याचं नाव लिव्हरपूलच्याच थॉमस जॉन्सन या व्यापाऱ्यासोबत येतं. घराण्याचं चरित्र लिहिताना हे वगळलं तर ते अर्धवट राहील.

पहिली ठेच इथेच लागते. एकाच घरात दोन थॉमस (बाप आणि मुलगा), दोघेही स्पीकचे; शिवाय सोळाव्या शतकात याच घराण्यात आणखी विल्यम नॉरिस होऊन गेले. जुन्या कागदांत 'स्पीकचे मिस्टर नॉरिस' एवढंच लिहिलेलं असतं. तेव्हा कागदाची तारीख आधी पाहायची, मग नाव ठरवायचं. आपल्या विल्यमसाठी एक चांगली खूण आहे: ३ डिसेंबर १६९८ ला त्याला बॅरोनेट ही 'सर' म्हणवण्याचा मान देणारी वंशपरंपरागत पदवी मिळाली. त्याआधीच्या अस्सल कागदात तो 'मिस्टर' असतो, नंतर 'सर विल्यम'. १६९६ चा म्हणून सांगितलेला कागद त्याला 'सर' म्हणत असेल तर तो नंतर उतरवलेला आहे किंवा दुसऱ्याच माणसाचा आहे.

तेव्हाचं लिव्हरपूल लहान बंदर होतं, मीठ आणि तंबाखूवर वाढत होतं. दुसऱ्या चार्ल्सच्या १६७७ च्या सनदेनं नगराचा कारभार ६० जणांच्या मंडळापर्यंत वाढवला होता आणि त्यावरून गावात उभी फूट होती. १६९५ मध्ये तिसऱ्या विल्यम राजाच्या सनदेनं आधीची व्यवस्था परत आणली. नॉरिस बंधू या बदलाच्या बाजूचे, म्हणजे व्हिग पक्षाचे (व्हिग आणि टोरी हे तेव्हाच्या पार्लमेंटातले दोन प्रतिस्पर्धी पक्ष). त्याच वर्षी विल्यम निवडून आला. लिव्हरपूलमध्ये मत असायचं ते नगराच्या 'फ्रीमन' मंडळींना, म्हणजे नगरानं हक्कदार नागरिक म्हणून नोंदवलेल्यांना, कुणालाही नाही. त्यामुळे सनद कुणाच्या हाती हा प्रश्न थेट खासदारकीचा होता. कोणाला फ्रीमन करून घ्यायचं हे ज्यांच्या हाती, त्यांच्या हाती मतपेटी.

अशा खासदाराचं पार्लमेंटातलं काम शोधताना अपेक्षा मर्यादित ठेवा. त्या काळी भाषणांची अधिकृत नोंद नव्हती, वादविवाद छापणं हा सभागृहाच्या हक्काचा भंग मानला जाई. हाती लागतात तीन गोष्टी: सभागृहाच्या कामकाजाची जर्नल्स, म्हणजे कोणत्या समितीवर नाव आलं, मतविभागणीच्या काही सुट्या याद्या, त्याही मोजक्याच प्रश्नांवरच्या, आणि खासगी पत्रं. समितीवर नाव दिसलं की माणूस त्या विषयातला जाणकार होता असं लिहायची घाई होते. तसं नसतं. 'अमुक परगण्याचे सर्व सदस्य' अशा घाऊक पद्धतीनंही समित्या भरल्या जात. एका विषयावर तीन-चार वेगवेगळ्या दिवशी नाव आलं, किंवा विधेयक वरच्या सभागृहात नेऊन देण्याचं काम त्याच्याकडे दिसलं, तरच तो त्या कामात होता असं म्हणावं. निवडणुकांचा क्रमही हाताशी असू द्या. १६९४ च्या कायद्यानं तीन वर्षांत एकदा निवडणूक सक्तीची झाली, त्यामुळे १६९५, १६९८, १७०१ ची सुरुवात आणि १७०१ ची अखेर अशा लागोपाठ निवडणुका आल्या. १७०१ च्या सुरुवातीच्या निवडणुकीतही लिव्हरपूलनं नॉरिसलाच निवडलं, तेव्हा तो सुरतेत होता. परदेशी गेलेल्या खासदाराची जागा आपोआप जात नसे. वर्षअखेरीच्या निवडणुकीत ती जागा थॉमस जॉन्सनकडे गेली.

आता १६९८. या वर्षावर वेळ घालवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फ्रान्सशी नुकत्याच संपलेल्या युद्धानं सरकारी खजिना रिकामा झाला होता. अर्थखातं सांभाळणाऱ्या चार्ल्स माँटेग्यूनं तोडगा काढला: जे लोक सरकारला ८ टक्के व्याजानं २० लाख पौंड कर्ज देतील त्यांना पूर्वेकडच्या व्यापाराचा हक्क. कायदा झाला, कर्ज उभं राहिलं, आणि ५ सप्टेंबर १६९८ ला नव्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. जुन्या ईस्ट इंडिया कंपनीला, म्हणजे मुंबई, मद्रास आणि सुरतेची वखार जिच्याकडे होती तिला, तीन वर्षांची मुदत: २९ सप्टेंबर १७०१ नंतर तिचा हक्क संपणार. पण जुन्या कंपनीनं एक चाल खेळली. आपल्या खजिनदाराच्या नावानं तिनं नव्या कर्जात ३,१५,००० पौंड भरले आणि नव्या व्यापारातही हिस्सेदार झाली. शिवाय १७०० मध्ये पार्लमेंटाकडून कायदा करून घेतला की मुदतीनंतरही ती संस्था म्हणून चालू राहील. नव्या कंपनीमागे व्हिग, जुनीमागे बहुतांशी टोरी, हे ढोबळमानानं खरं आहे, पण प्रत्येक माणसाला लागू करू नका. दोन्हीकडे पैसे गुंतवलेले लोक होते.

नव्या कंपनीजवळ सनद होती, पण हिंदुस्थानात ना किल्ला, ना मोगल दरबाराचं फर्मान. तिनं दोन गोष्टी मागून घेतल्या. आपल्या तीन मुख्याधिकाऱ्यांना राजाकडून 'कॉन्सल' हा हुद्दा: सुरतेला सर निकोलस वेट, मछलीपट्टणला जॉन पिट, बंगालमध्ये सर एडवर्ड लिट्लटन. आणि औरंगजेबाकडे जाण्यासाठी राजाचा वकील, ज्याचा सगळा खर्च कंपनी करील. या कामासाठी नॉरिसची निवड झाली. वर्षाला २,००० पौंड पगार, बॅरोनेट पदवी, भाऊ एडवर्ड चिटणीस म्हणून सोबत. पक्ष योग्य, घराणं योग्य, शिक्षण योग्य. फारसी येत नव्हतं, आणि पूर्वेचा अनुभव शून्य. वेट आणि लिट्लटन पूर्वी जुन्या कंपनीच्याच नोकरीत होते आणि तिथून बाहेर पडले होते. नव्या कंपनीला अनुभवी माणसं हवी होती, म्हणून तिनं अशांना घेतलं. त्यांना जुना हिशेब चुकता करायचा होता. हा स्वभावदोष नॉरिसला फार महाग पडला.

जानेवारी १६९९ मध्ये तो कमोडोर वॉरनच्या आरमारी ताफ्यासोबत निघाला आणि २५ सप्टेंबरला मछलीपट्टणला उतरला. प्रवास आठ महिन्यांचा. हा आकडा लक्षात ठेवा. लंडनमध्ये झालेला कोणताही निर्णय त्याला कळायला अर्धं वर्ष ते आठ महिने, त्याचं उत्तर पोचायला तितकेच. चरित्र लिहिताना प्रत्येक टप्प्यावर विचारायला हवं: त्या दिवशी नॉरिसला काय ठाऊक असणं शक्य होतं? हे न विचारता लिहिणारे त्याला मूर्ख ठरवतात.

मछलीपट्टणला उतरणं ही पहिली मोठी चूक, आणि ती जॉन पिटच्या आग्रहावरून झाली. बादशाह होता सातारा-परळीच्या वेढ्यांत, पश्चिम घाटाच्या कुशीत. पूर्व किनाऱ्यावरून तिथे जायचं तर अख्खं दख्खन ओलांडायचं: गाड्या, बैल, दस्तकं (वाटपरवाने), आणि प्रत्येक मोगल अंमलदाराची मर्जी. सोबत वस्तूंचा डोंगर. मद्रासला जुन्या कंपनीचा गव्हर्नर थॉमस पिट बसलेला, जॉन पिटचा नातलग, स्वतः पार्लमेंटात बसून आलेला. त्यानं नव्या कॉन्सलचा अधिकार मानायला साफ नकार दिला. मद्रासेत राहणाऱ्या निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाला दुभाषा म्हणून येण्याबद्दल विचारलं, त्यानं वय आणि मंदावलेली नजर ही कारणं देऊन नाही म्हटलं. जवळजवळ अकरा महिने असे गेले. शेवटी ऑगस्ट १७०० मध्ये नॉरिस 'सॉमर्स' जहाजानं निघाला आणि डिसेंबरमध्ये सुरतेला पोचला. जहाजाचं नाव व्हिग पक्षाचा मोठा नेता लॉर्ड सॉमर्स याच्यावरून ठेवलेलं. अशा नावांतूनही कंपनीचा पक्ष दिसतो.

तारखांबद्दल इथेच सांगतो, कारण या टप्प्यावर गोंधळ सुरू होतो. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग वापरत. युरोपातलं नवं पंचांग १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत त्याच्यापेक्षा १० दिवस पुढे होतं, त्यानंतर ११ दिवस. दुसरी गंमत वर्षाची: इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदले. नॉरिस सुरतेहून २७ जानेवारी १७०१ ला निघाला, पण त्याच्या कागदात तो महिना १७०० चा असतो, किंवा १७००/१ असा लिहिलेला असतो. हे ध्यानात आलं नाही तर तो सुरतेला पोचण्याआधीच तिथून निघतो. आपल्याला एक सोय आहे. मराठ्यांच्या इतिहासात आपण वापरतो त्या इंग्रजी तारखा सहसा जुन्या पंचांगातल्याच असतात; राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख तशीच. म्हणून इंग्रज कागद आणि मराठी शकावली थेट जुळतात. डच, पोर्तुगीज, फ्रेंच कागद आणले की मात्र ११ दिवस वजा करायचे. पन्हाळ्याच्या दरबाराची २८ एप्रिल १७०१ ही तारीख नव्या पंचांगात ९ मे येते. एका कोष्टकात तीन रकाने करा: कागदातली तारीख, जुन्या पंचांगातली, नव्या पंचांगातली. हिजरी तारीख असेल तर चौथा. मूळ रकाना कधीही खोडू नका.

सुरतेत नॉरिसनं जे केलं त्याचं समर्थन होऊ शकत नाही. वेट आधीपासूनच मोगल अंमलदारांना सांगत होता की समुद्रातले इंग्रज चाचे जुन्या कंपनीचे आहेत, नवी कंपनी समुद्र साफ करील. नॉरिस त्या भांडणात उतरला. जुन्या कंपनीच्या काही नोकरांना त्यानं पकडून मोगल सुभ्याच्या हवाली केलं. फेब्रुवारीत बादशाही हुकमानं जुन्या कंपनीचा गव्हर्नर सर जॉन गेयर बायको-माणसांसह सुरतेत अटकेत पडला आणि कित्येक वर्षं तसाच राहिला. राजाच्या वकिलानं राजाच्याच प्रजेला परक्या सत्तेच्या ताब्यात द्यावं, हे लंडनला कळलं तेव्हा नव्या कंपनीच्या मित्रांनाही अवघड झालं असणार. आणि मोगल अंमलदारांनी यातून साधा निष्कर्ष काढला: इंग्रज दोन आहेत, एकमेकांना चोर म्हणतात, तर दोघांकडूनही लिहून घेऊ.

लिहून घ्यायचं काय होतं ते समजल्याशिवाय पन्हाळा समजत नाही. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं मक्केहून परतणारं बादशाही जहाज 'गंज-ए-सवाई' लुटलं. यात्रेकरूंवर अत्याचार झाले. सुरतेतले इंग्रज बेड्यांत पडले. १६९८ मध्ये कॅप्टन किडनं 'केदा मर्चंट' हे जहाज धरलं. त्यानंतर सुरतेत तिन्ही टोपीकरांकडून, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांकडून, मुचलके (लेखी हमीपत्रं) घेण्यात आले: डचांनी तांबड्या समुद्राचा रस्ता आणि यात्रेकरूंची जहाजं राखायची, फ्रेंचांनी इराणचं आखात, इंग्रजांनी दक्षिणेकडचा समुद्र. लूट झाली तर भरपाई. म्हणजे नॉरिस छावणीत पोचण्याआधीच दरबाराच्या दृष्टीनं फर्मान आणि मुचलका ही जोडी ठरलेली होती.

सुरतेहून तो सुमारे ६० युरोपीय आणि ३०० हिंदी माणसं घेऊन निघाला. वाटेत भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे मंगळवेढ्याजवळच्या ज्या तळाला बादशाहनं इस्लामपुरी नाव दिलं होतं तिथे, वजीर असदखान मुक्कामाला होता. नॉरिसनं भेटीला ढोल-कर्णे वाजवत आणि युरोपी रिवाजानं येण्याचा आग्रह धरला. ते मान्य झालं नाही, तेव्हा तो न भेटताच पुढे गेला. इथे त्याला दोष द्यायलाच हवा. फर्मानाचा प्रत्येक कागद ज्याच्या कचेरीतून जाणार, त्याला वाटेतच दुखावलं. तरी त्याची बाजूही पाहा: तो कंपनीचा गुमास्ता नाही, राजाचा प्रतिनिधी आहे, एवढी एकच गोष्ट त्याला जुन्या कंपनीपेक्षा वेगळं ठरवत होती. मानपान सोडला की त्याच्याजवळ काहीच उरत नव्हतं.

नावांचा सगळ्यात वाईट सापळा याच प्रवासात आहे. इंग्रज कागदांतलं 'ब्राम्पोर' किंवा 'ब्राम्पोरी' हे कधी ब्रह्मपुरी असतं आणि कधी बुऱ्हाणपूर. नॉरिस दोन्ही ठिकाणी गेला: ब्रह्मपुरीला जाताना, मार्च १७०१ च्या आगेमागे, आणि बुऱ्हाणपूरला परतताना, नोव्हेंबरात. महिना पाहिल्याशिवाय गाव ठरवू नका. 'पर्नेला' म्हणजे पन्हाळा, हे आपल्याला चटकन कळतं. इंग्लंडमधल्या सूचीकाराला कळेलच असं नाही. 'स्वॉली' म्हणजे सुरतेजवळचं सुवाली बंदर.

एप्रिलच्या सुरुवातीला तो पन्हाळ्याला पोचला आणि २८ एप्रिलला दरबार झाला. मिरवणुकीची तपशीलवार यादी शिल्लक आहे: पितळी तोफांचे १२ गाडे, बनातीच्या कापडाच्या ५ बैलगाड्या, काचसामान आणि आरसे वाहणारे १०० कहार, अरबी घोडे, निशाणं, वाद्यं, आणि पालखीत राजाचं पत्र घेऊन बसलेला भाऊ एडवर्ड. बादशाहला २०० सोन्याच्या मोहरा नजर केल्या. वेढ्याच्या छावणीत पितळी तोफा आणणं शहाणपणाचं होतं. मात्र गडावर तोफांपेक्षा पैशाचा उपयोग झाला. महिन्याभरात, मेच्या अखेरीस, पन्हाळा वाटाघाटीनं आणि पैसे मोजून मोगलांच्या हाती गेला. आदल्या वर्षी राजाराम महाराज वारले होते, ताराबाईंच्या कारभारात मराठे गड विकत देत आणि पुन्हा जिंकून घेत. नॉरिस ज्या सत्तेकडून कायमचं फर्मान मागत होता तिचं दख्खनेतलं बस्तान किती पोकळ झालंय, हे त्या छावणीत दिसत होतं.

बादशाहचं त्यानं केलेलं वर्णन वाचण्यासारखं आहे. ८२ वर्षांचा औरंगजेब उघड्या पालखीतून जातो, कपडे, पागोटं, दाढी सगळं पांढरं, हातात पुस्तक, नजर त्यावरून क्षणभरही हलत नाही, भोवतालच्या गर्दीकडे पाहतही नाही. नॉरिसच्या दैनंदिनीची ताकद अशा ठिकाणी आहे: जे डोळ्यांनी पाहिलं ते तो नेमकं लिहितो. कुणाच्या मनात काय होतं हे लिहितो तेव्हा मात्र त्याच्यावर विसंबू नका, कारण ते त्याला दुभाषे आणि मध्यस्थ सांगत, आणि मध्यस्थाला दोन्हीकडून पैसे मिळत.

बोलणी यार अलीबेग या बादशाहच्या जवळच्या अधिकाऱ्यामार्फत चालली. मागणी तीन फर्मानांची: सुरत, बंगाल आणि कोरोमंडल किनारा. सुरुवातीला होकारासारखं उत्तर आलं. मग प्रश्न निघाला की खरी इंग्रज कंपनी कोणती, आणि त्याची चौकशी सुरतेतल्या सय्यद सादुल्ला या धर्मपुरुषाकडे सोपवली गेली. जुन्या कंपनीचे वकीलही दरबारात पैसे ओतत होतेच. आणि शेवटी अट आली: समुद्र राखण्याचा मुचलका लिहून द्या. वेटनं तर हे आधीच कबूल केलं होतं.

नॉरिसनं नकार दिला. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला हाच निर्णय बरोबर होता. वॉरनचा ताफा चाच्यांवरही पाठवला होता, आणि त्या ताफ्याला मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त जमला नव्हता. चाचे फक्त इंग्रज नव्हते. एका लुटलेल्या जहाजाची भरपाई लाखांत जाई, आणि ती द्यायची कुणी? ज्या कंपनीची हिंदुस्थानात एक धड वखार नव्हती तिनं. शिवाय राजाच्या वकिलानं सही केली तर देणं राजाच्या गळ्यात पडणार, आणि पार्लमेंटाच्या मंजुरीवाचून राजाला पैसा खर्चता येत नाही हे खासदार नॉरिसला कुणी शिकवायची गरज नव्हती. कंपनीचा गुमास्ता असा कागद लिहून देऊन पुढे टाळाटाळ करू शकतो. राजाचा वकील करू शकत नाही. त्याच्या हुद्द्यानंच त्याचे हात बांधले होते. बादशाहचं उत्तर स्पष्ट होतं: इथे व्यापार करायचा की नाही हे इंग्रजांनी ठरवावं, आणि वकिलाला आला तो रस्ता माहीत आहे.

५ नोव्हेंबर १७०१ ला तो निघाला, रीतसर निरोपाच्या दस्तकाशिवाय. बुऱ्हाणपूरला अडवला गेला, फेब्रुवारीपर्यंत तिथे अडकून पडला. शेवटी राजासाठी बादशाहचं पत्र आणि तलवार मिळाली, फर्मान मिळालं नाही. १२ मार्च १७०२ ला तो सुरतेत पोचला. ज्याच्यासाठी ती तलवार होती तो तिसरा विल्यम चारच दिवसांपूर्वी, ८ मार्चला, लंडनमध्ये वारला होता. पुढच्या महिन्यात, एप्रिलमध्ये, दोन्ही कंपन्यांनी एकत्र येण्याचा करार मान्य केला. मेच्या सुरुवातीला नॉरिस 'सिपियो' जहाजानं निघाला तेव्हा त्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. वाटेत हगवणीनं आजारी पडून १० ऑक्टोबर १७०२ ला समुद्रातच त्याचा अंत झाला. मूलबाळ नव्हतं, बॅरोनेट पदवी त्याच्याबरोबर संपली. वकिलातीचा खर्च पावणेसात लाख रुपयांच्या घरात, म्हणजे सुमारे ८०,००० पौंड. रुपयाचा पौंडातला भाव तेव्हा सव्वादोन ते अडीच शिलिंग धरला जाई, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी पौंडाचा आकडा थोडा हलतो. रुपयांचा आकडा घ्यावा आणि रूपांतर कोणत्या भावानं केलं ते लिहावं.

आता कागद कुठे आणि कोणत्या क्रमानं पाहायचे. आधी ब्रिटिश पार्लमेंटाच्या इतिहास प्रकल्पातली १६९० ते १७१५ या काळातली त्याची नोंद वाचा, ती मोफत उपलब्ध आहे, आणि लिव्हरपूल मतदारसंघाची नोंद तिच्यासोबतच वाचा. मग लँकेशायरमध्ये एकोणिसाव्या शतकात छापलेली नॉरिस घराण्याची पत्रं. त्यात गावचं राजकारण भरपूर, हिंदुस्थान थोडा. दैनंदिनी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात रॉलिन्सन संग्रहात सी ९१२ आणि सी ९१३ या क्रमांकांखाली आहे. कंपन्यांची पत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या ई/३ मालिकेत, सुरतेच्या वखारीचे कागद जी/३६ मध्ये. सरकारी बाजू लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरात सीओ ७७ मध्ये.

एकाच घटनेवर नॉरिस, वेट, जॉन पिट आणि थॉमस पिट अशी चार तोंडं असतात, आणि चौघांनाही लंडनमधल्या मालकांपुढे दुसऱ्याला दोषी ठरवायचं असतं. म्हणून पत्र ज्याला लिहिलं तो कोण, हे पत्र लिहिणाऱ्याइतकंच महत्त्वाचं. पैशाचे आकडे कंपनीला पाठवलेल्या पत्रातून घेऊ नका, जमाखर्चाच्या वहीतून घ्या. लाच 'नजराणा' या सदरात लपलेली असते. आणि दोन विरोधक एखाद्या गोष्टीवर सहमत दिसले तर ती गोष्ट बहुतेक खरी धरायला हरकत नाही.

मराठी अभ्यासकाला इथे खरं काम उरलं आहे. सुरत ते ब्रह्मपुरी ते पन्हाळा, आणि तिथून बुऱ्हाणपूर, या वाटेवरचे मुक्काम इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेले आहेत. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर या भागातली गावं, नद्यांचे उतार आणि घाट ज्याला माहीत आहेत तोच ती नावं बिनचूक ओळखू शकेल. एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर कोसांत मांडा, लवाजम्याला दिवसाला किती कोस जमत होते ते ठरलेल्या दोन-तीन गावांवरून काढा, आणि मग मधली नावं नकाशावर बसवा.